राघू कासाराची दुसरी काच

खूप मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, मला तरी कुठे ठाऊक!

तेव्हा खारवडीचे कोळी मचवे घेऊन खोल दर्यात जायचे. परतताना डोलकाठीवर फडकं बांधायची रीत होती. मचवा हाकणारा तांडेल सुखरूप असला तर पांढरं, दर्याने त्याला घेतलं असलं तर निळं. मचवा जवळ येईपर्यंत काही कळायचं नाही. तोवर बायका जीव मुठीत धरून किनाऱ्यावर उभ्या.

गावात राघू कासार बांगड्या भरायचा. काच वितळवण्यात, घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला बायकांचे हाल बघवेनात. म्हणून त्याने दुर्बीण केली. विलायती दुर्बीण राजेरजवाड्यांनी घ्यावी, याने घरच्या भट्टीत भागवलं. लांबचं दिसावं म्हणून पुढची काच तव्याएवढी केली, असं म्हणतात.

पण काच जितकी मोठी, तितकी तिची खोड मोठी. एकटी काच सगळे रंग एका जागी आणत नाही. उजळ वस्तूच्या कडेने निळा-जांभळा रंग पसरतो. राघूला हे कुठलं माहीत? तो आपला खुशीत!

एकदा वादळ झालं. लखमा तांडेलाचा मचवा तेवढा बाहेर होता. त्याची बायको चांगुणा राघूशेजारी उभी.

"राघूदादा, सांग ना रं! कंचं फडकं हाय?"

राघूने पाहिलं. लांबचं इवलंसं फडकं कडेच्या रंगात पार बुडालेलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "निळं."

कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला दिलेल्या असतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. उरल्या डाव्या हातातल्या. चांगुणाने त्या खडकावर फोडल्या.

आणि संध्याकाळी लखमा धडधाकट उतरला की हो! डोलकाठीवर फडकं पांढरंशुभ्र.

सगळे हसले, रडले. चांगुणा मात्र आपलं रिकामं मनगट बघत होती. "जित्या नवऱ्याचा चुडा फोडला मी. आता दर्या त्याला सोडायचा नाय." राघू नवा चुडा घेऊन गेला, तर तिने हात मागे घेतला. "आधी तुजी दुर्बीण खरं बोलू दे."

राघूचं अन्नपाणी तुटलं. भट्टीपुढे बसून तो काचेमागे काच धरून बघायचा. शेवटी उमगलं. दुसरी काच हवी, वेगळ्या जातीची, जड, मधे खोलगट. पहिलीने विस्कटलेले रंग तिने ओढून आणायचे. तशी जड काच आणायची कुठून? त्याने खडकावरचे चांगुणाच्या बांगड्यांचे तुकडे वेचले आणि भट्टीत टाकले. हिरवा रंग धुरासारखा उडाला आणि काच पाण्यासारखी नितळ झाली, असं म्हणतात. खोटं वाटतं? वाटू दे.

काच घासून होते न होते तोच पुन्हा वारा उठला. लखमा बाहेरच होता. चांगुणा धावत आली. "तू नको सांगू. माजी मीच बघते."

तिने डोळा लावला. निळं! ती मटकन खाली बसली, उजवी मूठ डाव्या मनगटावर आपटू लागली. मनगट तर रिकामंच होतं. राघूने ते घट्ट धरलं. "थांब गं बाय. अजून एक काच राहिलीय." एका हाताने त्याने दुसरी काच पहिलीमागे सरकवली. तिला उठवून पुन्हा बघायला लावलं. निळा रंग आत आत ओढला गेला, आणि मधे फडफडत होतं ते पांढरं.

"पांढरं," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. मग तिने डावा हात पुढे केला.

राघू गेला, दुर्बीणही खाऱ्या वाऱ्याने खाल्ली. आता मोबाईल आहेत, बातमी मचव्याआधी येते. पण खारवडीत वाईट बातमी आली की शेजारीण पहिल्यांदा त्या बाईचं डावं मनगट धरते. मचवा वाळूला लागेपर्यंत सोडत नाही. त्याला राघूचा हात म्हणतात. कधीकधी बातमी खरी असते, दोघींनाही ते कळलेलं असतं. तरी मचवा येईपर्यंत ती सोडत नाही.