पौषातला भुईचाफा

सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत. त्यांच्याकडे औषधविद्या शिकायला वेणू नावाची तरुणी आली, ती एक कुंडी उराशी धरूनच. तिच्या दिवंगत आईने वाढवलेला भुईचाफा त्या कुंडीत होता.

"बुवा, आईचं एवढंच उरलंय," ती म्हणाली.

बुवांनी कुंडी ओसरीवर उन्हात ठेवली. कार्तिक सरता सरता पाने पिवळी पडली, मग वाळून गेली. वेणूने पाण्याचा तांब्या उचलला, तो बुवांनी तिच्या हातून काढून घेतला. "आता पाणी नाही," एवढेच ते म्हणाले आणि कुंडी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. कारण त्यांनी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. तुळशीला, गवती चहाला मात्र रोज पाणी मिळत होते. आईच्याच झाडाशी हे वैर का?

मार्गशीर्षात अत्तरांचा एक व्यापारी आला. भुईचाफ्याच्या मातीतल्या सुगंधी कंदाविषयी त्याने पूर्वी एकदा वेणूजवळच चौकशी केली होती. बुवांनी त्याला आत नेऊन दार लावून घेतले. परतताना त्याच्या हातात फडक्यात बांधलेले काहीतरी होते. संध्याकाळी वेणू जिन्याखाली वाकली. कुंडीतली माती खाली बसली होती, कडेपासून सुटली होती. कोणी उकरून पुन्हा दाबावी, तशी.

त्यानंतर पाठ चालू असताना तिचे डोळे बुवांच्या हातांवर खिळलेले असत. त्यांनी आग्रहाने भाकरी वाढली, तरी तिला त्यात अपराध्याची सारवासारव दिसे.

अखेर पौषातल्या एका दुपारी, बुवा वामकुक्षी घेत असताना, तिने खुरप्याने कुंडी उकरली. चार बोटे खाली काहीतरी कट्‌कन मोडले. कंद जागच्या जागी होता, टणक आणि भरलेला. त्याच्या माथ्यावरचा पांढरा कोंब तेवढा तुटला होता.

बुवा मागे येऊन उभे होते.

"मला वाटलं, व्यापाऱ्यानं नेला," ती कशीबशी म्हणाली.

"त्यांच्या पत्नीला दमा आहे. गावात बोभाटा नको, म्हणून औषध दार लावून दिलं." बुवा तिच्याशेजारी खाली बसले. "माती कोरडी झाली की आक्रसते, पोरी. थंडीत हा कंद निजतो. पानांतलं बळ आत ओढून घेतो आणि स्वस्थ पडून राहतो. अशा वेळी पाणी घातलं, तर तो कुजतो. त्याची सेवा म्हणजे आपला हात आवरणं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथे मी चुकलो."

त्यांनी कंद पुन्हा मातीत निजवला आणि कुंडी तिच्या हाती दिली. "आता ही तुझ्या खोलीत ठेव."

ज्या हातांनी कोंब मोडला, त्याच हातांत बुवांनी कुंडी दिली होती! वेणूला मान वर करवेना.

मोडलेल्या कोंबातून चैत्रात यायचे ते फूल आले नाही. एके सकाळी ती आपण होऊन बुवांकडे गेली. "बुवा, तो मेला तर नसेल? मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते," बुवा म्हणाले. "चल, दोघं मिळून वाट पाहू."

ज्येष्ठ लागला आणि मातीतून गुंडाळलेले एक पान वर आले.

शंका आली की आपण माणसाला विचारतो, की त्याच्या पाठीमागे शोध घेतो, एवढे ज्याने त्याने आठवून पाहावे.