म्हाकूची झील

"आजपासून सगळं जग ऐकेल तुम्हाला, आबा! आणखी काय हवं?"

धुळा आबा मेंढीची लोकर कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंबने वीस वर्षं घालून देशोदेशींच्या मेंढपाळांची गाणी गोळा केली होती. मंगोलियाची, पेरूची, कुठकुठली. तो संग्रह आज सर्वांसाठी खुला व्हायचा होता, आणि त्यात पहिली ओवी आबांची! फक्त त्यांचा होकार हवा होता. त्यासाठी तो धापा टाकत टेकडी चढून आला होता.

"ऐका तर खरं!"

त्याने स्पीकर लावला. वीस वर्षांपूर्वीचा आबांचा आवाज माळावर घुमला. हेरंब शहारला.

आबा मात्र दर ओळ संपली की डावीकडे बघत होते. तिथे कुणीच नव्हतं.

"माजा म्हाकू कुटं गेला?"

म्हाकू म्हणजे आबांचा झीलकरी. आबांची ओळ संपली की तीच उचलून लांबवायचा. दोन वर्षांपूर्वी वारला.

"तेच शब्द परत येतात ना, म्हणून कापले. कशी सुटसुटीत झालीय बघा!"

"व्हय... दुसऱ्यांदा पुरलास की रं त्याला."

हेरंबचा चेहरा उतरला.

"मूळ फीत आहे, आबा. जपून ठेवलीय. आत्ता जोडतो!"

आबांनी कातर खाली ठेवली. कानावर हात धरून ओवीची पहिली ओळ टाकली.

आणि थांबले.

हेरंब रेकॉर्डिंगचं यंत्र पुढे धरून वाट बघू लागला.

"पुढे, आबा?"

"एकला कसा जाऊ फुडं?"

हजारो गाणी हेरंबने जपली होती, गायलं एकही नव्हतं. त्याने यंत्र गवतात ठेवलं, डोळे मिटले आणि ओळ उचलली.

आवाज फाटला. मेंढरं बिचकली.

"बोकडावानी वरडलास!" आबा खदखदून हसले, आणि लगेच दुसरी ओळ आली. मग तिसरी. हेरंबचा गळा मोकळा होत गेला. ऊन डोक्यावर आलं तरी दोघं थांबेनात. ओवी संपली तेव्हा त्याने गवतातलं यंत्र उचललं.

"आता म्हाकूंसकट ओवी पाठवतो! देता ना होकार?"

"धाड की जगभर. पर म्हाकूला ठिव... आन् मला काप. बगू, ऐकणाऱ्यांत फुडची ओळ कोन टाकतंय."