उतारावरचा थर

"मग थर चिकटावा म्हणून खाली डांबराचा शिडकावा दुप्पट करू का, अण्णा?"

यल्लाप्पा मुकादम उतारावर उकिडवे बसले होते. तंबाखू मळत राहिले.

निशिकांतने पुन्हा विचारलं. परीक्षेत पहिला आलेला इंजिनिअर. एक प्रश्न दोनदा विचारायची सवय नव्हती.

जुन्या काँक्रीटवर त्याने चढवलेला डांबराचा थर बाराव्या दिवशी वळणावर, गाड्या ब्रेक दाबतात तिथेच, सायीसारखा सरकला होता. तो उखडून काढला. आज दुसऱ्यांदा घालायचा. हाही सरकला तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. काँक्रीट अण्णांच्या देखरेखीखाली ओतलेलं, म्हणून मोठे साहेब म्हणाले होते, म्हाताऱ्याला विचार. विचारायला तो आला होता. ऐकायला आला होता की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"चिकटलंच नाही हो ते डांबर," निशिकांत म्हणाला.

अण्णांनी कडेची एक उखडलेली खपली उचलली. उलटी करून त्याच्या हातात दिली.

"चिकटलंय की."

खालची बाजू पांढुरकी होती. पिठात घोळवल्यासारखी.

"काय आहे?"

"... धूळ."

"काढा नखाने."

निघेना.

"मग डांबराला कशाला नावं ठेवता, साहेब? ज्याच्याशी गाठ बांधून दिलीत, त्याला धरून राहिलं बिचारं."

निशिकांतचे कान तापले. "दोनदा झाडून घेतलं होतं. मी स्वतः बघितलं."

"कुठून?"

"... जीपमधून."

अण्णा हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

फोन वाजला. गरम माल घेऊन डंपर फाट्यावर आले होते. माल गार झाला की वाया.

निशिकांत हातातल्या खपलीकडे पाहत राहिला.

"तिथेच थांबवा," तो फोनवर म्हणाला. "गार झाला तर परत न्या. माझं नाव सांगा."

मग झाडणाऱ्या गंगूबाईंकडून त्याने खराटा मागून घेतला.

"साहेब, उलटा धरलाय," त्या पदराआडून म्हणाल्या.

त्याने सुलटा केला. वाकून झाडू लागला. काँक्रीटच्या खाचांतून पांढरं निघतच होतं. नाकात गेलं, कॉलरीत गेलं. चार हात जागा झाली, आठ हात झाली. कंबर धरून तो उभा राहिला.

"अण्णा... किती झाडू?"

अण्णांनी तळहातावरची तंबाखू झटकली.

"खालच्या रस्त्याशी ओळख झाली, की थांबा."