शालनकाकूंची गाडी आणि मिस्त्रीचा विनोद

डोंगराच्या पायथ्याशी बाजारपेठेचे एक गाव होते. गावाला मुख्य रस्ता एकच, आणि दर मंगळवारचा बाजारही त्याच रस्त्यावर भरे. त्या गावात सदू नावाचा मिस्त्री गाड्या दुरुस्त करत असे. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. त्या ख्यातीवर त्याचे स्वतःचेही फार प्रेम होते.

त्याच गावात शालनकाकू राहत. त्यांचे यजमान रंगराव गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात त्यांचे डोळे अधू झाले. दारात गाडी होती, पण चालवणारे कुणी नव्हते. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या काकू स्वतः गाडी शिकल्या. काकू चालवत, गुरुजी शेजारी बसत. दोघे कधी दवाखान्यात जात, कधी नदीवर, कधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यात. गुरुजींना काचेपलीकडचे दिसत नसे. काकू चालवता चालवता सांगत, "मान्यांचा ऊस तुटला बरं का," आणि गुरुजी समाधानाने मान डोलावत. त्या गाडीमुळे त्यांचे जग उंबऱ्याशी संपत नव्हते.

एका मंगळवारी गाडी बाजाराच्या गर्दीत अडकली आणि तापमानाचा काटा चढू लागला. बघता बघता बॉनेटमधून वाफ निघाली. काकूंनी इंजिन बंद केले, गाडी थंड होऊ दिली आणि मग ती सदूकडे आणली.

सदूने कूलंट बदलले, पाण्याच्या नळ्या तपासल्या, थर्मोस्टॅट नवा बसवला. मग गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी पिटाळली. काटा जागचा हलला नाही. "झकास झाली," म्हणत त्याने किल्ली परत दिली.

पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा तापली. सदू पुन्हा त्याच मोकळ्या रस्त्यावर फिरून आला. पुन्हा काही सापडले नाही.

"मिस्त्री, पळताना नाही हो तापत ती," काकू म्हणाल्या. "गर्दीत उभी राहिली, की तापते."

दुखणे कुठे शोधायचे, ते काकूंनी सांगून टाकले होते. सदूने फक्त गाडी गॅरेजात चालू ठेवून थोडी वाट पाहायची होती. पण आपल्याला न सापडणारा दोष गाडीत असू शकतो, हे त्याच्या मनाला पटेना. शेजारच्या टपरीवर चार माणसे चहा पीत होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "काकू, माझ्या हातात तर गुणी लेकरासारखी चालते. गाडी तुम्हाला घाबरते बघा. तुम्ही बसलात की तिला घाम फुटतो!"

टपरी खो खो हसली. काकूही हसल्यासारखे करून निघून गेल्या.

सदू ते बोलणे विसरला. गाव विसरले नाही. पुढच्या मंगळवारी गाडीतून वाफ निघाली, तेव्हा एक भाजीवाला ओरडला, "काकू, रुमाल काढा, घाम पुसा तिचा!" दुसरा म्हणाला, "अहो, वारा घाला, वारा!" मागून हॉर्न वाजू लागले. शेजारी बसलेले गुरुजी विचारत होते, "काय झालं? कोण हसतंय? सांग की मला." काकूंनी त्या दिवशी त्यांना काहीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली सदूच्या हातावर ठेवली. "गिऱ्हाईक बघा, मिस्त्री. आपल्याला नाही जमत ते."

बाजाराच्या पलीकडे राहणाऱ्या एका दुकानदाराला गाडी हवी होती. त्याला ती दाखवायला सदू निघाला, तो नेमका मंगळवारी. पुढे कांद्याचा ट्रक आडवा लागला आणि सगळे जागच्या जागी थांबले. सदू वाट पाहत बसला. हळूहळू काटा चढू लागला.

या वेळी गाडी काकू चालवत नव्हत्या.

त्याने बॉनेट उघडले. इंजिन भट्टीसारखे धगधगत होते आणि रेडिएटरचा पंखा मात्र गप्प उभा होता. मोकळ्या रस्त्यावर पंख्याचे काम वाराच करत होता. गर्दीत वारा नव्हता, आणि पंखाही नव्हता. सदूने इंजिन बंद केले. पंख्याकडे जाणाऱ्या वायरचा जोड जळून काळा पडला होता. इंजिन निवल्यावर त्याने तो बदलला आणि गाडी तिथेच, गर्दीत, चालू ठेवली. काटा थोडा चढला, पंखा घरघरत सुरू झाला आणि काटा खाली आला. काम इतके सोपे होते की सदूला मान वर करवेना.

तो दुकानदाराकडे गेलाच नाही. थेट काकूंच्या दारात गेला.

"काकू, पंखा बंद होता. दोष गाडीचा होता, तुमचा नव्हता. चुकलं माझं."

"मी म्हणत नव्हतो, तुझं काही चुकत नाही म्हणून?" गुरुजी काकूंना म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच. "चल, आत्ताच नदीवर जाऊ."

त्यांच्यासाठी काकू गाडीत बसल्या. गाडी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत नीट गेली. तिथे एकाने त्यांच्याकडे पाहून नुसते दुसऱ्याला कोपराने ढोसले. काकूंनी गाडी बाजूला घेतली. मागून चालत आलेल्या सदूच्या हातात किल्ली दिली आणि गुरुजींना हात धरून खाली उतरवले.

"गाडी चांगली केलीत, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "पण आता विकाच."

दोघे चालत घरी गेले.

त्यानंतर सदू टपरीवर, बाजारात, भेटेल त्याला सांगू लागला, "पंख्याचा दोष होता हो. काकू चांगली चालवायच्या." लोक "असं होय!" म्हणत आणि दुसऱ्या विषयाकडे वळत. त्या गोष्टीत हसण्यासारखे काही नव्हते. म्हणून ती कुणी पुढे सांगितली नाही.

तात्पर्य: दोष जिथे दिसतो तिथे जाऊन पाहिल्याशिवाय तो माणसाच्या माथी मारू नये. यंत्र दुरुस्त करता येते. पण चार लोकांत हसून मोडलेली उमेद क्षमा मागूनही परत मिळेलच असे नाही.