शेजारचा विस्तव

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या वर्षांपूर्वी, एका खाडीकाठी ख्रिस्ती कोळ्यांचं गाव होतं. गाव मोठं भाविक. पण त्याला एक खोड होती, संशयाची. दुधात माशी पडली तरी ती कुणी टाकली, हे आधी विचारणारी ही माणसं.

तेव्हा काड्यापेट्या नव्हत्या. विस्तव एका चुलीतून दुसऱ्या चुलीत जायचा. घरात मयत झालं की चूल विझवायची आणि दफन झाल्यावर शेजाऱ्यांनी विस्तव नेऊन ती पुन्हा पेटवायची, अशी गावाची रीत होती.

एका वर्षी एका तरुण कोळणीचा नवरा बुडाला. आदल्या पावसाळ्यात तिचा तान्हा मुलगा गेला होता. आता उरली एकुलती लेक, तीही तापाने फणफणलेली. नवऱ्याला माती देऊन बाई टेकडीवरच्या आपल्या घरी आली आणि थंड चुलीपाशी शेजाऱ्यांची वाट बघत बसली.

कुणीच आलं नाही. गावच्या पाटलाने सगळ्यांचे कान भरले होते. "एकाच घरावर दोनदा घाला? देव उगाच कुणाला मारत नाही. त्या घरात काहीतरी लपलंय. विस्तव घेऊन गेलात तर तिथली पीडा तुमच्या दारात येईल."

मग चार माणसं घेऊन तो स्वतः तिच्या उंबऱ्याशी गेला. "बाय, पाप कबूल कर. लगेच विस्तव देतो."

"कुठलं पाप, मामा? मी पण देवाला तेच विचारतेय. तो बोलतच नाही."

"ऐकलंत? ही देवाला जाब विचारते!" झालं, संशय पक्का झाला.

"मला काही नको. पोरीला पेज तरी करू द्या," बाई रडत म्हणाली. पण गावातली दारं लागली ती लागलीच.

लोक म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेले. "बाबा, तिचं पाप कोणतं ते देवाला विचारा."

बाबा देवळात गेले, गुडघे टेकून बराच वेळ बसले आणि बाहेर आले.

"काय म्हणाला देव?"

"काही नाही. तिची होडी का बुडाली, असं विचारलं. उत्तर नाही. मग तुमच्या होड्या का परत आल्या, तेही विचारलं. त्यालाही उत्तर नाही."

लोक चपापले.

"क्रुसावरून आपल्या प्रभूनेही 'का?' असंच विचारलं होतं," बाबा म्हणाले. "तेव्हा त्यालाही उत्तर आलं नाही. आता त्याचं पाप कोणतं, ते सांगा मला."

मग ते पुन्हा आत गेले. बाबांनी वेदीवरच्या दिव्यावर एक काटकी पेटवली आणि ते टेकडीवरच्या तिच्या घराकडे निघाले. "शेजाऱ्याने विस्तव न्यायचा ना? देऊळही तिच्या शेजारीच आहे."

पेज शिजली. पोर वाचली. गाव मात्र आता बाबांवरही संशय घेऊ लागलं.

पुढे एकदा भर दुपारी खाडीला उधाण आलं. घराघरांत पाणी शिरलं, चुली विझल्या. वाऱ्याने देवळाची खिडकी फोडली आणि वेदीवरचा दिवाही गेला. ही देवाची शिक्षा होती का? मला विचारू नका. अशा प्रश्नांची उत्तरं ज्यांना तोंडपाठ असतात, त्यांचा मला फार संशय येतो.

साऱ्या गावात एकच चूल पेटती राहिली, टेकडीवरची. तिच्या अंगणात माणसं ओलीचिंब उभी राहिली, आणि तिथेही एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागली. हे कुणाच्या पापाने झालं? सर्वांत पुढे पाटील होता, एका हातात रिकामं खापर, खांद्यावर थरथरणारा नातू. बाई आता काय विचारेल, या भीतीने त्याची मान वर होईना.

तिने खापरात निखारे घातले.

"तू विचारलं नाहीस," पाटील पुटपुटला.

"काय?"

"आमचं पाप."

"तुम्ही विचारलंत, तेव्हा माझी चूल पेटली होती का, मामा? जा, पोर गारठलंय."

पाटील तिथेच ढसाढसा रडला.

तिच्या प्रश्नाला देवाने पुढेही उत्तर दिलं नाही. ती रोज देवळाच्या पायरीवर बसून विचारत राहिली आणि पाटील मुकाट्याने शेजारी बसू लागला. गावात कुणाकडे मयत झालं, की पहिला विस्तव त्याच्या घरून जायचा.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, दुःखाचं कारण विचारायचंच असेल तर देवाला विचारावं; दुःखी माणसाला आधी विस्तव द्यावा.