दुपारची न्हाणी

चूक सरळसरळ तात्यांची, भार्गवच्या वडिलांची, होती. पंचायत समितीचे माजी सभापती ना. घरातही पहिली आंघोळ त्यांचीच. आई पहाटे उठून बंब पेटवायची आणि स्वतः सगळ्यांमागून, दुपारी बाराला, गार पाण्यानं उरकायची.

कॉलेज सोडून घरी बसलेल्या भार्गवला ते बघवेना. त्यानं गच्चीवर काळ्या नळीचं वेटोळं घातलं, परसात पत्र्याचा आडोसा केला आणि वर शॉवर बसवला. दुपारच्या उन्हात कढत पाणी आलं.

तात्या चारचौघांना घेऊन तिथं आले. "काय इंजिनिअर! पहाटे पाचला यातून गरम पाणी काढून दाखव, नाहीतर मोड हे खूळ."

मंडळी खिदळली.

"पाचला गारच येणार, तात्या," भार्गव म्हणाला. "मोडतो की. फक्त उद्यापासून पाळ्या बदलू. पाचला आई न्हाईल, बंब तुम्ही पेटवा, आणि बाराला उरेल त्या पाण्यात तुमची आंघोळ. मग या उन्हाच्या पाण्याची गरजच कोणाला?"

खिदळणं थांबलं. बंब पेटवायला तात्या थोडेच बसणार!

"असू दे ते," ते पुटपुटले.

शॉवर राहिला. भार्गवला तात्यांनी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं.