जागच्या जागी धावणारं इंजिन

एकदा एक तरुण कारागीर भंगाराच्या दुकानातून मोटारसायकलचं जुनं इंजिन पोत्यात घालून, खांद्यावर टाकून निघाला. वाटेत ओळखीची माणसं भेटली, पण त्यानं कुणाकडे मान वळवून पाहिलं नाही. त्याच्या डोक्यात राग होता, आणि तो कालपरवाचा नव्हता.

झालं होतं ते असं. त्या नगरातल्या एका व्यापाऱ्यानं दोन माणसं बसतील एवढ्या लहानशा उघड्या मोटारीचं सुटं सामान परगावाहून मागवलं होतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग आणि चार चाकं. जोडणी आपली आपण करायची. ती जोडणी या तरुणानं केली. सामानातली निम्मी भोकं एकमेकांशी जुळत नव्हती, ती त्यानं जुळवली. मोटारसायकलचं इंजिन मागच्या चाकांना कसं जोडायचं हे सोबत आलेल्या कागदांत धड दिलेलं नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढलं. मजुरी पुरेपूर मिळाली, तिच्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण नगराचं वार्षिक प्रदर्शन भरलं तेव्हा गाडीसमोर एक पितळी पाटी लागली. व्यापाऱ्याच्या चिरंजीवांनी ही मोटार स्वहस्ते तयार केली, असं तिच्यावर कोरलं होतं, आणि चिरंजीव गळ्यात हार घालून शेजारी उभे होते.

तरुण गर्दीतून पुढे झाला. "शेठ, ही गाडी मी बनवलीय," तो म्हणाला.

व्यापारी हसला. "अरे, तू नट आवळलेस. नट आवळणाऱ्याचं नाव कुणी पाटीवर लिहितं का?"

भोवतालचे लोकही हसले. ज्यांनी त्याला महिनोन् महिने त्या गाडीखाली आडवं पडून काम करताना पाहिलं होतं, तेसुद्धा हसले.

त्या दिवसापासून तो गप्प झाला. जेवताना गप्प, कामावर गप्प. शहाण्यासुरत्या मंडळींनी त्याला घरी येऊन उपदेश केला. सोडून दे, मन मोठं कर, रागानं आपलंच रक्त आटतं. अशा उपदेशकांचं खरोखर नवल वाटतं. चपराक एकाला बसलेली असते आणि मोठ्या मनाच्या गोष्टी दुसरे सांगत असतात. मारणाऱ्याच्या घरी जाऊन हात आवर म्हणायला मात्र कुणाला सवड नसते. तरुणानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आतल्या आत धुमसत राहिला. मग वर्ष सरत आलं आणि त्याच्या कानावर आलं की येत्या प्रदर्शनात तीच गाडी, तीच पाटी पुन्हा मांडणार आहेत. त्याच दिवशी तो भंगाराच्या दुकानात गेला होता.

इंजिन घेऊन तो थेट आपल्या मास्तरांकडे पोचला. मास्तरांनी तंत्रशाळेत उभा जन्म काढला होता. आता ते गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काही ना काही ठोकत बसत. स्वभावानं तिखट. शिकवताना एखाद्यानं हातोडा वेडावाकडा मारला, तर ते बोलत नसत, हातोडाच काढून घेत.

"हे कशाला?" मास्तरांनी पोतं उघडत विचारलं.

"दुसरी गाडी करतोय. सांगाडा मी स्वतः जोडीन, आणि फायबरवाल्याकडं एक तडकलेलं अंग पडलंय, ते मिळेल. प्रदर्शनाच्या दारात उभी करतो, सायलेन्सर काढून टाकतो आणि अशी रेस देतो की शेठच्या कानाचे पडदे फाटले पाहिजेत."

मास्तरांनी किकवर पाय दिला. किक तसूभरही हलली नाही. भंगारात पावसापाण्यात पडून आतला पिस्टन गंजानं धरला होता. "प्लगच्या भोकातून डिझेल ओत," ते म्हणाले, "आणि वाट बघ. जोर केलास तर मोडेल."

वाट बघणं त्याच्या जिवावर आलं, पण त्यानं ती पाहिली. रोज किक हलक्या हातानं दाबून बघायची, पुन्हा डिझेल ओतायचं. एका दुपारी किक किंचित खाली गेली. मग त्यानं इंजिन धुतलं, तेल बदललं, कार्बोरेटर उघडून आतला बारीक कचरा काढला, ठिणगी तपासली. इंजिन एका लाकडी चौकटीवर बोल्टांनी घट्ट बसवलं. बऱ्याच किका फुकट गेल्यावर ते एकदम धडधडलं, आणि शेडमध्ये निळा धूर पसरला.

तरुणाच्या अंगात वारं शिरलं. अॅक्सिलरेटरची तार त्यानं हातानं ओढून धरली. पत्रे थरथरू लागले. त्या आवाजात तो व्यापाऱ्याला, त्याच्या मुलाला, हसणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंडाला येईल ते बोलत होता, आणि त्यातलं एक अक्षर त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

मास्तर उठले. त्यांनी पेट्रोलची नळी बंद केली. इंजिन थांबल्यावर हातात फडकं घेऊन पान्यानं तापलेला प्लग काढला, तो फडक्यात गुंडाळून खिशात टाकला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसले.

"मास्तर, प्लग द्या."

"सांगाडा उभा कर. चाकाला चेन लाव. मग देतो."

"चालू झालेलं इंजिन तुम्ही बंद का केलंत?"

मास्तर आपल्या ठोकण्याला लागले. तरुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं गाव आपल्या विरुद्ध आहे हे त्याला माहीत होतं. आता मास्तरही त्यातलेच, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात गेलेले पाहून त्यानं नवा प्लग आणला, बसवला आणि इंजिन चालू करून रेस पूर्ण ताणली.

असलं इंजिन उभ्या जागी फार वेळ चालवू नये, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मास्तरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण संतापलेल्या माणसाचं शिकलेलं सगळ्यात आधी पळून जातं. धुराची नळी तापून लाल झाली, ती पाहून त्याला उलट बरंच वाटलं. मग आवाज बदलला, आतून लोखंड खरवडल्यासारखी किंकाळी उठली आणि इंजिन जागीच थांबलं. त्यानं किक मारली. ती दगडासारखी घट्ट होती.

मास्तर परतले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, आणि पाना शेडच्या दुसऱ्या टोकाला पडला होता. रडल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आता तुम्हीपण सांगा," तो म्हणाला. "राग सोड म्हणून. तेवढं सांगायचे तुम्हीच राहिलात."

"मी असं कधी म्हटलं?" मास्तरांचा आवाज चढला. "त्यानं तुझं काम चोरलंय. तुला राग आला नसता तर मी तुला माझा विद्यार्थी म्हटलं नसतं. पण हे इंजिन बघ. भंगारात पडून होतं तेव्हा गंजून अडकलं. तू चालवलंस, पण जागच्या जागी, तर तापून अडकलं. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन आहे हे, आणि वारा त्याला मिळतो तो पुढं गेल्यावर. वर्षभर तू तोंड मिटून बसलास, तेव्हा गंजत होतास. आता ओरडतोस, तर जळतोयस. दोन्ही वेळा उभा मात्र तिथंच आहेस, त्या प्रदर्शनाच्या मांडवात. राग विझवू नकोस. त्याला चाक जोड आणि काहीतरी ओढायला लाव."

"काय ओढायला लावू?"

"ते तू सांग. शेठचे कान फाटायला हवेत, की पाटीवर तुझं नाव हवंय?"

हा प्रश्न तरुणाला कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता.

"नाव," तो म्हणाला.

त्यांनी सिलिंडर उघडला. पिस्टनवर ओरखडे उठले होते. ते घासून काढले, नव्या रिंगा घातल्या. नळ्या जोडून सांगाडा उभा राहिला, तडकलेलं फायबरचं अंग सांधून त्यावर बसलं. गाडी पुढे जाताना वारा नेमका इंजिनावर यावा म्हणून तरुणानं दोन्ही बाजूंनी पत्र्याची नळकांडी बसवली. राग गेला नव्हता. पण आता तो हातात उतरला होता, आणि त्यानं एकही नट सैल राहू दिला नाही. चेन चढली तेव्हा मास्तरांनी खिशातून जुना प्लग काढून त्याच्या हातावर ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी मास्तरांना शेजारी बसवून तो गावाबाहेरचा चढ चढला. इंजिन ओझं ओढत होतं आणि त्याचा आवाज भरीव, एकसारखा होता. मांडवाच्या दाराशी पोचल्यावर दिसलं की व्यापाऱ्याची गाडी हमाल ढकलत आत नेत आहेत. वर्षभर उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून कार्बोरेटर तुंबला होता. प्रमुख पाहुणे त्याच गाडीतून मांडवाला फेरी मारणार होते, आणि चिरंजीव हातात पेचकस धरून इंजिनाकडे नुसते पाहत होते.

व्यापाऱ्यानं तरुणाला पाहिलं. "बरा आलास. बघ रे जरा, चालू होत नाही."

तरुणाचा सगळा राग उसळून आला. पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि सायलेन्सर काढायला कितीसा वेळ लागतो? त्यानं इंजिन बंद केलं.

"आधी पाटी बदला, शेठ," तो म्हणाला. "ज्यानं बनवली त्याचं नाव लावा. मग हात लावतो."

"ही वेळ आहे का असलं बोलायची?"

"गेल्या वर्षी बोललो होतो. तेव्हा तुम्ही हसलात. नसेल बदलायची तर चिरंजीवांनाच चालू करू द्या. त्यांनीच बनवलीय ना?"

या खेपेला कुणी हसलं नाही. लोक एकदा मांडवात आधीच लावलेल्या पाटीकडे आणि एकदा त्या दुसऱ्या, चालत आलेल्या गाडीकडे पाहत होते. व्यापारी काही बोलणार तोच त्याचा मुलगा लाल तोंडानं पाटीपाशी गेला आणि हातातल्या पेचकसानं तिचे स्क्रू काढू लागला. पाटी खाली उतरवून त्यानं एक पुठ्ठा आणि रंगाचा कुंचला मागवला. मग तो अडखळला.

"तुझं पूर्ण नाव काय?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

ज्याच्याकडून गाडी करून घेतली, त्याचं पूर्ण नाव त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

"हणमंत गेनू पवळे," तरुणानं सांगितलं, आणि अक्षरं वाळेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग बाह्या सारून त्यानं कार्बोरेटरला हात घातला. मास्तर गाडीतच बसून होते.

अन्याय झालेल्या माणसाला शांत हो म्हणण्याआधी त्याचा राग कुठल्या चाकाला जोडता येईल, एवढं आपण त्याच्यापाशी बसून पाहावं.